जुना सी-१०, ३८३ स्ट्रोकर आणि एक्झॉस्ट पाइप किती इंचाचा? एका ट्रकचं पूर्ण प्रकरण

गाडी म्हणजे १९७२ ची शेव्हरले सी-१० पिकअप, शॉर्ट बेड, पुढून-मागून चारेक इंच खाली घेतलेली. मालक माझा मित्र, मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, आणि त्या भागात राहून जुन्या गाड्यांचं वेड लागलं नाही तरच नवल, ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते तेव्हा तर अख्खा रस्ता व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांच्या आवाजाने भरलेला असतो. तर नमनाला घडाभर तेल नको, मुद्द्यावर येतो.

ट्रकमधलं जुनं ३५० क्युबिक इंचाचं इंजिन थकलं होतं, त्याने ३८३ स्ट्रोकर बांधून घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ३५० चाच ब्लॉक घ्यायचा, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.००० वरून ४.०३० इंच करायचा, क्रँक ३.४८ ऐवजी ३.७५ इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनची धाव लांब करणारा, टाकायचा, की झालं ३८३, म्हणजे साधारण ६.३ लिटर. ॲल्युमिनियम हेड्स, साडेनऊच्या आसपास कॉम्प्रेशन, हायड्रॉलिक रोलर कॅम (व्हॉल्व्ह कधी आणि किती वेळ उघडायचे ते ठरवणारा दांडा), ०.०५० इंच लिफ्टला ड्युरेशन २२४/२३० अंश, ड्युअल-प्लेन मॅनिफोल्ड, वर चार बॅरलचा कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर. लाँग-ट्यूब हेडर्स, म्हणजे इंजिनातून जळका गॅस बाहेर आणणाऱ्या नळ्या, त्यात प्रायमरी (एकेका सिलिंडरची नळी) १-५/८ इंच, कलेक्टर (एका बाजूच्या चार नळ्या जिथे मिळतात तो भाग) ३ इंच. मागे ७०० आर ४ गिअरबॉक्स, त्याचा शेवटचा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेला इंजिन सावकाश फिरवणारा, आणि ३.७३ चा रिअर (मागच्या ॲक्सलचं गिअर गुणोत्तर). वापर काय, तर रोजचं नाही पण शनिवार-रविवार भरपूर, हायवेवर बायकोपोरांना घेऊन, आणि उन्हाळ्यात छोटा बोट ट्रेलर ओढून तलावावर. ड्रॅग स्ट्रिपला जायचं म्हणतो पण जात नाही, हे इथेच सांगून ठेवतो कारण पुढे साईज ठरवताना याच गोष्टीला सगळ्यात जास्त वजन द्यावं लागलं.

तक्रार अशी की नवीन इंजिन खालून मस्त उठायचं, पण साडेचार हजार आरपीएमच्या वर गेलं की दम लागल्यासारखं, आवाज वाढतो आणि गाडी वाढत नाही. कागदावर हे इंजिन ५४००-५५०० पर्यंत ओढायला पाहिजे. इग्निशन टायमिंग बघून झालं, फ्युएल प्रेशर बघून झालं, व्हॉल्व्ह स्प्रिंग्ज नवीन होत्या. मग खाली वाकून बघितलं तर हेडर्स नवे कोरे आणि त्यांच्या मागे जुनाच एक्झॉस्ट रिड्यूसर लावून जोडलेला, दोन बाजूंना दोन पाइप, प्रत्येकी २ इंच, कुठल्या तरी जमान्यात प्रेसवर वाकवलेले, प्रत्येक वळणावर आतल्या बाजूने चेपलेले. इंजिनवर हजारो डॉलर्स घालून झाले आणि एक्झॉस्टपाशी खिसा आटला, हे सगळ्यांचंच होतं.

आता सल्ले. पहिला सल्ला इंटरनेटवरचा, ३ इंच ड्युअल (दोन बाजूंना दोन पाइप) टाक, डोळे झाकून, मोठं ते चांगलं. दुसरा सल्ला गावातल्या मफलर शॉपच्या म्हातारबुवांचा, की व्ही-८ ला बॅक प्रेशर, म्हणजे एक्झॉस्टकडून उलटा येणारा दाब, लागतोच, मोकळं केलंस तर खालचा टॉर्क जाईल, सव्वादोन इंचाच्या वर जाऊ नकोस. तिसरा मित्राच्या ऑफिसमधल्या एकाचा, की ड्युअलच्या भानगडीत पडूच नको, वाय-पाइप करून एकच जाड पाइप मागे ने, वजन कमी, पैसे कमी. तिघेही आपापल्या जागी ठाम, आणि मित्राने मला फोन करून विचारलं, "अरे, नक्की कोणाचं ऐकू?" मी म्हटलं आधी गेजचं, म्हणजे दाब मोजणाऱ्या काट्याचं ऐकू.

बॅक प्रेशर मोजणं अजिबात अवघड नाही आणि तरी कोणी मोजत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. कलेक्टरच्या लगेच मागे पाइपला ऑक्सिजन सेन्सरचा बंग (आटे असलेली छोटी कडी) वेल्ड करायचा, तो १८ मिलीमीटर थ्रेडचा असतो, त्यात ॲडाप्टर लावून ० ते १५ पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच दाबाचा) गेज जोडायचा. मध्ये फूट-दीड फूट स्टीलची किंवा तांब्याची नळी ठेवायची म्हणजे रबरी होज वितळत नाही. गेज विंडशील्डला टेपने चिकटवला, रिकामा रस्ता बघितला, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल. साडेतीन हजारला काटा दोनच्या आसपास, पाच हजारला पाचच्या पलीकडे थरथरत. कार्ब असलेल्या स्ट्रीट इंजिनला पाच पीएसआय म्हणजे नाकात बोळे घालून पळण्यातला प्रकार. याच बंगमध्ये नंतर वाइडबँड सेन्सरही (हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारा) लावता येतो, त्यामुळे ते पंधरा-वीस डॉलर वाया जात नाहीत.

म्हणजे पाइप छोटा आहे हे नक्की झालं. किती मोठा करायचा, इथे खरं घोडं पेंड खातं.

आधी म्हातारबुवांच्या बॅक प्रेशरबद्दल, कारण हे वाक्य आपल्याकडे बुलेटवाल्यांपासून इथल्या ट्रकवाल्यांपर्यंत सगळे म्हणतात. इंजिनाला बॅक प्रेशर लागत नाही. कुठल्याच इंजिनाला सिलिंडरमधला जळका गॅस बाहेर ढकलताना समोरून विरोध झालेला आवडत नाही. लागतो तो वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की प्रेशरची एक लाट प्रायमरीमधून पळत जाते, कलेक्टरला पोचली की तिथे एकदम मोठी जागा मिळते आणि उलटी, म्हणजे कमी प्रेशरची लाट परत व्हॉल्व्हकडे येते. ती जर ओव्हरलॅपच्या वेळी, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असताना पोचली, तर उरलासुरला जळका गॅस ओढून घेते आणि वर ताजं मिक्श्चर आत यायला मदत करते. प्रायमरी फार जाड असेल तर गॅसचा वेग पडतो, लाट दुबळी होते, खालच्या आरपीएमला ही ओढ मिळत नाही आणि टॉर्क जातो. म्हणजे म्हातारबुवांनी जे बघितलंय, मोठा पाइप टाकला आणि खालचा टॉर्क गेला, ते खोटं नाही, फक्त त्यामागचं कारण त्यांनी चुकीचं लावलंय. आणि बऱ्याच वेळा तर टॉर्क गेलेला नसतोच, एक्झॉस्ट मोकळा झाल्यामुळे इंजिन जास्त हवा ओढायला लागतं, कार्बचे जेट (इंधन मोजून सोडणारी भोकं) तेच राहतात, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं, गाडी अडखळते आणि मालक म्हणतो बॅक प्रेशर गेला. आमच्याकडेही हे झालंच, त्यावर पुढे येतो.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची की हे लाटांचं सगळं नाटक मुख्यतः प्रायमरी आणि कलेक्टरमध्ये चालतं. कलेक्टरच्या मागे जो पाइप जातो त्याचं काम जवळपास एकच, विरोध न करता गॅस मागे नेणं. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. प्रायमरीची साईज टॉर्क कुठे पाहिजे त्यावरून, आणि मागच्या पाइपची साईज हॉर्सपॉवरवरून. लोक दोन्ही एकत्र करतात आणि मग वाद संपत नाही.

प्रायमरीचं बघू. मित्राच्या डोक्यात होतं की एक्झॉस्ट करतोच आहे तर हेडर्स पण १-३/४ चे घेऊ. यासाठी एक जुना ठोकताळा आहे, प्रायमरीचं आतलं क्षेत्रफळ चौरस इंचात घ्यायचं, ८८,२०० ने गुणायचं, एका सिलिंडरच्या क्युबिक इंचांनी भागायचं, आणि जो आकडा येतो तो साधारण टॉर्क पीकचा आरपीएम. ३८३ भागिले ८ म्हणजे ४७.९. आता १-५/८ चा पाइप १८ गेजचा (इथे गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा नंबर) असेल तर भिंत ०.०४९ इंच, आतला व्यास १.५२७, क्षेत्रफळ १.८३, आणि उत्तर येतं साधारण ३३७०. १-३/४ ला आतला व्यास १.६५२, क्षेत्रफळ २.१४, उत्तर ३९५० च्या जवळ. म्हणजे पाव इंचाच्या निम्म्या फरकाने टॉर्क पीक पाचशे-सहाशे आरपीएम वर सरकतो. आता हा माणूस ट्रेलर ओढतो, हायवेला ओव्हरड्राइव्हमध्ये दोन-सव्वादोन हजारावर चालतो, त्याला वर सरकवून काय करायचंय? आहेत तेच हेडर्स राहू देत. हेच इंजिन हलक्या गाडीत, ६००० पर्यंत फिरवायचं असतं तर मी १-३/४ म्हटलं असतं.

आता मागचा पाइप. इथे आधी हॉर्सपॉवरचा खरा आकडा पाहिजे आणि या बाबतीत ट्रकवाले जरा हात सैल सोडतात. मित्र म्हणत होता साडेचारशे. हे पार्ट्स, हा कॅम, हे कॉम्प्रेशन बघता मी ४०० धरले आणि तेही क्रँकला, चाकांवर नाही. इंजिन बिल्डर लोक डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) बरेचदा उघड्या हेडर्सवर किंवा डायनो रूमच्या मोठ्या एक्झॉस्टवर चालवतात, फॅन नाही, एअर क्लीनर नाही, त्यामुळे शीटवरचा आकडा आणि गाडीतला आकडा यात फरक पडतो. १९७२ च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी जाहिरातीत ग्रॉस (उघड्या इंजिनाच्या) ऐवजी नेट (गाडीत बसवलेल्या इंजिनासारखी) हॉर्सपॉवर छापायला सुरुवात केली तेव्हा तीच इंजिनं एका रात्रीत अशक्त दिसायला लागली होती, त्यामागे थोडंफार हेच.

दुसरा ठोकताळा असा की इंजिनाला प्रत्येक हॉर्सपॉवरमागे एक्झॉस्टमध्ये २.२ सीएफएम (क्युबिक फूट प्रति मिनिट) फ्लो मिळाला तर नुकसान जवळपास शून्य, आणि सरळ पाइप एका चौरस इंचातून साधारण ११५ सीएफएम सोडतो. दोन्ही आकडे फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) १.५ इंच पाऱ्याएवढ्या दाबाच्या फरकाला धरलेले आहेत, म्हणून ते एकमेकांबरोबर वापरता येतात, खरा गरम गॅस वेगळा वागतो हे मान्य, पण तुलना करायला चालतं. ४०० गुणिले २.२ म्हणजे ८८० सीएफएम. ड्युअल असेल तर एका बाजूला ४४०. ४४० भागिले ११५ म्हणजे ३.८३ चौरस इंच.

आता बाजारात मिळणाऱ्या साईज बघा, आणि लक्षात ठेवा की पाइपची साईज बाहेरून मोजतात. १६ गेजचा पाइप म्हणजे ०.०६५ इंच भिंत, दोन्ही बाजूंची मिळून ०.१३ कमी. २ इंचाचा आतून १.८७, क्षेत्रफळ २.७५, दोन पाइपांना मिळून २८७ हॉर्सपॉवरपुरता, आणि तोही सरळ असेल तर, चेपलेल्या वळणांचा धरला तर आणखी खाली. बघितलंत ना, गेजने जे सांगितलं तेच गणित सांगतंय. २-१/४ चा आतून २.१२, क्षेत्रफळ ३.५३, दोघांना मिळून ३६९ हॉर्सपॉवर. म्हणजे म्हातारबुवांचा सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता, थोडासाच कमी पडत होता. २-१/२ चा आतून २.३७, क्षेत्रफळ ४.४१, दोन पाइप ४६० पर्यंत जातात. ३ इंचाचा आतून २.८७, क्षेत्रफळ ६.४७, दोन पाइप ६७५ हॉर्सपॉवरचे. आणि ऑफिसवाल्याचा एकच पाइप, ३ इंच घेतला तर ३३८ ला संपतो, त्याला साडेतीन इंच घ्यावा लागेल, तो ४६५ च्या आसपास पोचतो.

म्हणजे कागदावर दोन उमेदवार उरले, २-१/२ ड्युअल किंवा ३-१/२ सिंगल. ३ इंच ड्युअलने नुकसान काय, तर खरं सांगायचं तर हॉर्सपॉवरचं नुकसान नाही, झाला तर दोन-चार हॉर्सपॉवर फायदाच, पण ते तुम्हाला सीटवर बसून कळणार नाहीत आणि बाकी कटकटी मात्र रोज कळतील.

त्या कटकटी गाडीखाली झोपल्यावरच दिसतात. आम्ही लिफ्टवर घेतली आणि टेप घेऊन बसलो. १९६७ ते ७२ च्या या शेव्हरले सी-१० ला मागे लीफ स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आणि लांबच लांब ट्रेलिंग आर्म (ॲक्सलला फ्रेमशी जोडणारे दांडे) आहेत, ते फ्रेमच्या मधोमध एका क्रॉसमेंबरला, म्हणजे आडव्या तुळईला येऊन मिळतात, म्हणजे नेमकं जिथून दोन पाइप सरळ मागे न्यावेत असं वाटतं तिथेच लोखंड. त्यात ७०० आर ४ चा क्रॉसमेंबर, प्रॉपशाफ्ट, मागे ॲक्सलवरून जाणारा पॅनहार्ड बार (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा). एक बरं की या मॉडेलला पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते, त्यामुळे खाली टाकीची अडचण नाही, पण टाकी आपल्या पाठीला लागून आहे ही वेगळीच मजा, बरेच लोक ती काढून मागे बेडखाली नेतात, आणि याचाही तसा विचार आहे म्हणून मागे उजव्या बाजूला जागा सोडायची होती. त्यात गाडी चार इंच खाली. ट्रेलिंग आर्मच्या क्रॉसमेंबरखालून ३ इंचाचा पाइप नेला तर जमिनीपासून किती उरतं ते लाकडाचा ठोकळा ठेवून बघितलं, मिशिगनचे रस्ते हिवाळ्यानंतर जसे फुटलेले असतात त्यात तो पाइप पहिल्याच महिन्यात चेपला असता. साडेतीन इंच सिंगल तर विचारच सोडला. २-१/२ मात्र क्रॉसमेंबरच्या बाजूने, फ्रेमला धरून, थोडी कसरत करून बसत होता. पाइपचा चेपा आणि इंजिनाचं गणित या दोघांत नेहमी चेपा जिंकतो.

वळणं मँड्रेल बेंडची घ्यायची हे आधीच ठरलं होतं. प्रेसवर वाकवलेल्या पाइपात वळणावर आडवा छेद लंबगोल होतो आणि क्षेत्रफळ चांगलंच घटतं, म्हणजे अडीच इंचाचे पैसे देऊन वळणावर सव्वादोनचाच पाइप मिळतो. मँड्रेलमध्ये वाकवताना आत गोळे सरकवलेले असतात, गोलाई टिकते. दुकानात मँड्रेल मशीन क्वचितच असतं, म्हणून तयार वळणं विकत घ्यायची, ४५ आणि ९० अंशांची, आणि कापून वेल्ड करायची. वेळखाऊ काम, पण एकदाच.

आता मागचा टोकाचा तुकडा, टेलपाइप. ॲक्सलवरून जाताना पॅनहार्ड बार, कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सलची वर-खाली हालचाल यात अडीच इंचही घासतोय असं दिसत होतं, विशेषतः डाव्या बाजूला, कारण गाडी खाली घेतल्यामुळे ॲक्सल आणि बेड यातली जागा कमी झालेली. मित्र म्हणाला, "मग ॲक्सलच्या आधीच पाइप बाहेर काढू, साइडने." मी नको म्हटलं, कारण जुन्या ट्रकच्या केबिनला फटी असतात, मागची काच उघडी ठेवून बसायची सवय असते, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलं बसतात त्या गाडीत धूर मागेच सोडायचा, यात तडजोड नाही.

मग उपाय काय, तर टेलपाइप २-१/४ चा. इथे लोक दचकतात, की पाइप मागे जाता जाता बारीक कसा करायचा. पण गॅस मागे जाताना थंड होतो हे विसरतात. पूर्ण लोडला कलेक्टरपाशी गॅस साडेसहाशे डिग्री सेल्सिअसच्या आसपास धरा, मफलर ओलांडून ॲक्सलपर्यंत पोचेपर्यंत तो अडीचशे-तीनशेपर्यंत उतरलेला असू शकतो. केल्विनमध्ये बघा, साधारण ९२५ वरून ५५० वर, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या गॅसला जवळपास चाळीस टक्के जागा कमी लागते. २-१/२ ते २-१/४ क्षेत्रफळात वीस टक्क्यांची घट आहे, म्हणजे हिशोबात बसतं, वेग उलट पडतोच आहे. जुन्या कंपनी फिटिंगच्या कितीतरी गाड्यांना टेलपाइप पुढच्या पाइपपेक्षा बारीक असायचा, ते लोक काही वेडे नव्हते.

दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये आडव्या नळीने जोडायचे (एच-पाइप) की फुलीसारखे एकमेकांत मिळवायचे (एक्स-पाइप) यावरही दोन संध्याकाळी गेल्या. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. विषम नंबरचे सिलिंडर डावीकडे, सम उजवीकडे. नीट बघा, ५ आणि ७ एकामागोमाग एक, दोन्ही डावे, तसेच ८ आणि ४ दोन्ही उजवे. म्हणजे एका बाजूच्या पाइपात ठोके समान अंतराने येत नाहीत, क्रँकच्या २७०, १८०, ९०, १८० अंशांवर येतात, आणि अमेरिकन व्ही-८ चा तो गुरगुरणारा आवाज यातूनच येतो. दोन्ही पाइप कुठेतरी जोडले की एका बाजूला लागोपाठ आलेल्या दोन ठोक्यांना दुसऱ्या बाजूच्या पाइपचाही रस्ता मिळतो, दोन्ही मफलर दोन्ही बाजूंसाठी काम करतात. एक्स-पाइपने आवाज जरा टोकदार आणि गुळगुळीत होतो, एचने जुना घुमारा टिकतो. मित्राला जुना घुमारा पाहिजे होता, शिवाय एक्स बसवायला गिअरबॉक्सखाली जागा नव्हती, म्हणून एच.

तो एच कुठे टाकायचा याची एक जुनी युक्ती आहे, मला फार आवडते. कलेक्टरच्या मागे सरळ पाइपवर साध्या स्प्रे पेंटचा एक लांब पट्टा मारायचा, गाडी सुरू करून थोडा वेळ लोडवर चालवायची आणि मग बघायचं रंग कुठपर्यंत जळलाय. जळणं जिथे थांबतं तिथे क्रॉसओव्हर जोडायचा. आम्ही दोन्ही बाजूंना केलं, डावीकडचा डाग आणि उजवीकडचा डाग थोडे पुढे-मागे होते, त्यांच्या मधली जागा धरली आणि नशिबाने ती क्रॉसमेंबरच्या पुढेच आली. डाग क्रॉसमेंबरवरच आला असता तर जिथे जागा मिळाली तिथे टाकला असता, फार फरक पडला नसता.

मफलरमध्ये (म्हणजे आपल्या सायलेन्सरमध्ये) आम्ही सरळ आरपार जाणारा, आत भोकांची नळी आणि भोवती फायबर असलेला प्रकार घेतला, अडीच इंच इन-आउट, लांबीला मोठा. इथे कंजुषी केली की ड्रोनचा, म्हणजे एका वेगाला केबिनमध्ये सतत घुमणाऱ्या आवाजाचा त्रास होतो. हिशोब सांगतो, २८ इंच टायर, ३.७३ रिअर, ७०० आर ४ चा ओव्हरड्राइव्ह ०.७०, ताशी ७० मैलाला इंजिन जवळपास २२०० ला फिरतं. व्ही-८ एका फेरीत चार वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला साधारण १४७ ठोके, आणि एकेका बँकेचे धरले तर ७३. हे दोन्ही आकडे केबिनच्या पत्र्याला आणि माणसाच्या कानाला नेमके छळणारे आहेत. ३ इंच पाइप आणि आखूड मफलर असता तर तलावापर्यंत दोन तास डोकं भणभणलं असतं. अजूनही थोडा ड्रोन येतो, २००० च्या आसपास, बायकोची तक्रार आहे, पुढे मागे बंद टोकाची एक फांदी जोडून तो मारता येईल, जागा बघून ठेवली आहे.

कायद्याचं एक सांगून टाकतो. १९७२ च्या या ट्रकला कंपनीतूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता म्हणून आम्हाला मोकळं रान होतं. ज्या गाडीला कंपनीने कॅट दिलाय तिचा कॅट काढणं अमेरिकेत फेडरल कायद्यानेच बंद आहे, राज्यात तपासणी होते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तिथे साईज ठरवताना जास्त फ्लोचा कॅट धरूनच गणित करावं लागतं. आणि आवाजाचं म्हणाल तर पुण्या-मुंबईत बुलेटचे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात तसं इथे करत नाहीत, पण शेजारी फोन करतात.

पाइपचं मटेरियल ॲल्युमिनाइज्ड स्टील. ४०९ स्टेनलेस घ्यावं असं मला वाटत होतं कारण मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ टाकतात आणि साधा पाइप चार-पाच हिवाळ्यांत चाळणी होतो, पण ही गाडी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गॅरेजमध्ये झाकलेली असते, मग कशाला खर्च. ३०४ तर चमकवायचा शौक असेल तरच. वेल्ड केलेल्या प्रत्येक जागी ॲल्युमिनियमचा थर जळतो, तिथे उष्णतेचा रंग मारावा लागतो, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

जोडून झाल्यावर पहिल्या फेरीत काय झालं असेल? गाडी आधीपेक्षा वाईट. मधल्या थ्रॉटलला अडखळणं, पूर्ण थ्रॉटलला सपाट. मित्राचा चेहरा पडला, मफलर शॉपचे म्हातारबुवा बघायला आले होते ते हसले, म्हणाले सांगितलं होतं ना बॅक प्रेशर. मग त्याच बंगमध्ये वाइडबँड लावला, पूर्ण थ्रॉटलला एअर-फ्युएल रेशो चौदाच्या जवळ. पेट्रोलच्या या इंजिनाला तिथे साडेबारा-तेरा पाहिजे. इंजिन जास्त श्वास घेतंय आणि इंधन जुन्याच हिशोबाने येतंय, एवढंच. कार्बच्या प्रायमरी आणि सेकंडरी बॅरल दोन्हीकडे दोन नंबर मोठे जेट टाकले, कार्बचाच पॉवर व्हॉल्व्ह तपासला, मधलं अडखळणं कार्बच्या ॲक्सिलरेटर पंपचा कॅम बदलून गेलं. रेशो १२.८ वर आला. मग गेज परत लावला, तोच रस्ता, तोच गिअर, पाच हजारला काटा दीडच्या खाली. गाडी आता ५४०० पर्यंत सरळ ओढते आणि खाली ट्रेलर घेऊन उठतानाही आधीपेक्षा कमी पाय द्यावा लागतो. चेसिस डायनोवर नेली नाही, मित्र म्हणाला त्या पैशात टायर येतील. म्हातारबुवांनी गेज दोनदा वाचला, काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी मला तो ॲडाप्टर कुठे मिळतो ते विचारलं.

हाच हिशोब दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा उचलू नका. ज्यांच्याकडे साधा ३५० आहे, अडीचशे-पावणेतीनशे हॉर्सपॉवरचा, त्यांना दोन सव्वादोनचे पाइप भरपूर झाले, त्यांनी अडीचवर पैसे टाकून आवाजाखेरीज काही मिळणार नाही. बिग ब्लॉक, म्हणजे ४५४ क्युबिक इंचाचं मोठं इंजिन पाचशे हॉर्सपॉवरच्या वर नेत असाल तर ३ इंच ड्युअलला खरंच काम आहे. टर्बोचं गणित पूर्ण वेगळं, तिथे टर्बाइनच्या मागे जितकं मोकळं कराल तितकं बरं, आणि जागा मिळेल तेवढा मोठा पाइप टाकावा, कारण लाटांचा जो काही खेळ आहे तो टर्बाइनच्या पुढेच संपलेला असतो.

आमच्या ट्रकचं सध्याचं उरलेलं काम म्हणजे कलेक्टरचे गॅस्केट. कागदी गॅस्केट दोनदा फुंकले, टिकटिक आवाज यायला लागला, आणि कलेक्टरपाशी गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाऊन वाइडबँड खोटं लीन दाखवतो, म्हणजे तुम्ही जेट वाढवत बसता आणि प्लग काळे होतात. आता बॉल-सॉकेट फ्लँज (गॅस्केटशिवाय बसणारे जोड) मागवले आहेत. आणि डावा टेलपाइप खड्ड्यात पॅनहार्ड बारला अजून टेकतो, तिथे हँगर अर्धा इंच बाहेर सरकवायचा आहे.